रायफलीचे दोन पाय

नेमबाजीच्या रेंजवर नवख्या माणसाला हमखास पडणारं एक कोडं आहे. पालथं झोपून, दंडाला स्लिंगचा पट्टा आवळून नेम धरणारा खेळाडू ५० मीटरवरच्या कागदावर एकामागून एक गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून घालतो. त्याचा श्वास चालू असतो, नाडी उडत असते, अंग जिवंत असतं. आता तीच रायफल आणि तीच काडतुसं घ्या, पुढे धातूचे दोन मजबूत पाय लावा आणि सिमेंटच्या ओट्यावर ठेवा. हलायला काही उरलंच नाही, तेव्हा निकाल सुधारायला हवा. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी अनेकदा उलटंच होतं. गोळ्यांचा सगळा पुंजका, म्हणजे ग्रुप, वर सरकतो, गोळ्या उभ्या रेषेत पसरतात आणि एखादी विनाकारण बाजूला जाते. लोक मग या दोन पायांना, म्हणजे बायपॉडला, दोष देतात, दुसरा महागडा आणतात आणि तोच अनुभव पुन्हा घेतात.

या कोड्याचं उत्तर समजलं, की बायपॉड कोणता घ्यावा, कुठे बसवावा आणि किती आवळावा हे प्रश्न बरेच सोपे होतात. म्हणून दुकानात जाण्याआधी, खटका ओढल्यावर नेमकं काय घडतं ते पाहू.

गोळी नळीत असतानाच

लहान बोअरच्या लक्ष्यवेधी रायफलीत ‘.२२ लाँग रायफल’ हे काडतूस वापरतात. ते १८८७ साली अमेरिकेत आलं आणि आजही जगभरच्या रेंजवर तेच चालतं. त्याची शिशाची गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची आणि सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते. स्पर्धेची काडतुसं मुद्दाम संथ बनवतात. त्यांची गोळी सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेगाने, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या थोडी खालीच बाहेर पडते. आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळी डळमळते. तो धोका यामुळे टळतो.

या संथपणाची किंमत मात्र मोजावी लागते. ६५ सेंटिमीटर लांबीच्या नळीतून बाहेर पडायला या गोळीला सेकंदाचे अडीच ते तीन हजारांश भाग लागतात. मोठ्या बोअरच्या रायफलीची गोळी याच्या निम्म्या वेळात बाहेर पडते. गोळी पुढे धावत असताना रायफल मागे सरकू लागते. रायफल ५ किलोची धरली, तर गोळी नळीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत ती जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर मागे आलेली असते. हा आकडा नगण्य वाटतो. पण गोळी अजून नळीत आहे आणि नळी जिकडे वळेल तिकडेच ती जाणार आहे.

होडीतून धक्क्यावर उडी मारणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याचे पाय सुटायच्या आधीच होडी मागे सरायला लागते. होडी मोकळ्या पाण्यात असेल तर ती सरळ मागे जाते आणि उडी अंदाजाप्रमाणे पडते. तिची एक बाजू खडकाला घासत असेल तर होडी फिरते आणि माणूस भलत्या पायरीवर उतरतो. खडक दरवेळी वेगळ्या ठिकाणी लागत असेल, तर कितीही सराव केला तरी उडीचा भरवसा धरता येत नाही.

रायफलीच्या खाली लावलेला बायपॉड हा तो खडक होऊ शकतो. नळीची मध्यरेषा खांद्यावर टेकलेल्या दस्त्याच्या थोडी वर असते, त्यामुळे धक्का बसताच रायफलीचं तोंड मुळातच वर उचललं जातं. त्यात बायपॉडचे पाय कठीण सिमेंटवर असतील तर ते उसळतात. एक रबरी पाय चिकटून राहिला आणि दुसरा घसरला, तर तोंड बाजूला वळतं. स्लिंग लावलेल्या खेळाडूचं शरीर मऊ असतं, पण वर्षानुवर्षांच्या सरावाने ते दरवेळी सारखंच मऊ असतं. त्याची रायफलही हलते, पण प्रत्येक गोळीला सारखीच हलते. कोड्याचं उत्तर इथे आहे. धक्क्याने रायफल हलणारच. बायपॉडने ती हालचाल दर गोळीला सारखी ठेवली, की त्याचं काम झालं.

कागदाच्या जाडीचा हिशेब

किती सारखेपणा लागतो? ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. खांद्यापासून बायपॉड ७० सेंटिमीटर पुढे आहे असं धरा. दोन गोळ्यांच्या मध्ये बायपॉडचे पाय एक दशांश मिलिमीटरने, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतके वर-खाली झाले, तर लक्ष्यावर फरक पडतो ७ मिलिमीटरचा. अगदी मधोमध लागणारी गोळी दहाच्या कडेला ढकलायला तेवढं पुरेसं आहे.

त्याच हिशेबातून निवडीचा पहिला नियम निघतो. बायपॉड खांद्यापासून ५० सेंटिमीटरवर लावला असता तर तेवढ्याच चुकीला १० मिलिमीटरचा फरक पडला असता. म्हणून बायपॉड शक्य तितका पुढे हवा. मात्र सडपातळ लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा पुढचा दांडा टोकाला वाकतो. पुढे जाण्याची मर्यादा दांड्याची ताठरता ठरवते.

कुठे चालतो, कुठे नाही

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल स्पर्धांमध्ये बायपॉडला परवानगी नाही. पालथ्या अवस्थेत फक्त स्लिंग चालतो आणि पुढचा हात जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन करून उचललेला असावा लागतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथ्या अवस्थेच्या) प्रकारात जिंकलेलं जागतिक सुवर्ण आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला तीन अवस्थांच्या प्रकारात मिळवलेलं ऑलिंपिक कांस्य, ही दोन्ही पदकं बायपॉडविना आलेली आहेत.

बायपॉडचं स्वतःचं क्षेत्र वेगळं आहे. कॅनडाचे जॉर्ज फार्क्वारसन यांच्या नावावरून ओळखला जाणारा ‘एफ-क्लास’ हा प्रकार आधारावर रायफल ठेवून दूरचा नेम साधण्याचा आहे. त्यातल्या ‘एफ-टीआर’ गटात बायपॉडसह रायफलीचं वजन ८.२५ किलोच्या आत ठेवावं लागतं. त्या रायफली मोठ्या बोअरच्या असतात, पण बायपॉडचं तंत्र तिथेच सर्वाधिक घासूनपुसून पक्कं झालं. लहान बोअरसाठी अमेरिकेत ‘एनआरएल २२’ सारख्या स्पर्धा आहेत, तर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या क्लबांमध्ये .२२चा एफ-क्लास खेळतात.

स्लिंगच्या खेळाडूलाही बायपॉडचा उपयोग आहे. दुर्बीण झीरो करणं (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवणं), दोन प्रकारच्या काडतुसांची तुलना, नवशिक्याला अंगाची चिंता न करता खटका ओढायला शिकवणं, अशी कामं त्यावर सोपी होतात. पॅरा नेमबाजीतही हातात पुरेसं बळ नसलेल्या खेळाडूंना रायफलीखाली आधार घेता येतो, आणि तो आधार स्प्रिंगवर डोलणारा असतो. तो रायफलीचं वजन पेलतो, नेम मात्र खेळाडूलाच स्थिर करावा लागतो.

निवड: पाच गोष्टी पाहा

*उंची.* सगळ्यात आधी झोपून पाहा. खांदे सैल, मान सरळ आणि डोळा दुर्बिणीमागे सहज येईल अशा अवस्थेत रायफलीच्या पुढच्या दांड्याखाली किती जागा उरते ते कुणाला तरी मोजायला सांगा. पालथ्या अवस्थेला बहुधा ६ ते ९ इंचांचा बायपॉड पुरतो. बसून मारण्यासाठी बनवलेले उंच पाय लक्ष्यवेधाला निरुपयोगी असतात, कारण पाय जितका लांब तितका तो लवचीक. मिळेल त्या मापात सगळ्यात बुटका पाय घ्या.

*रुंदी.* पायांमधलं अंतर वाढलं की रायफल डावी-उजवीकडे कलायला प्रतिकार करते. एफ-क्लासचे बायपॉड म्हणूनच चांगले दीड फूटभर फाकलेले असतात. ते बॅगेत मावत नाहीत आणि खडबडीत जमिनीवर बसत नाहीत, पण सपाट रेंजवर त्यांना तोड नाही. निरनिराळ्या जागांवरून मारायचं असेल तर घडीचे, अरुंद बायपॉडच सोयीचे.

*पाय लांबवण्याची रीत.* काही बायपॉडचे पाय खाचांमध्ये अडकत लांबतात. ते झटपट आणि भक्कम असतात, पण दोन खाचांच्या मधली उंची मिळत नाही. काहींना आट्यांचा स्क्रू असतो. ते सावकाश चालतात, पण केसभर वर-खाली करता येतात. खाचांचा बायपॉड घेतलात तर बारीक उंची मागच्या वाळूच्या पिशवीने साधावी लागेल, हे गृहीत धरा.

*कलण्याची सोय.* वरचा भाग डावी-उजवीकडे थोडा कलवता येतो आणि एका खिट्टीने जाम करता येतो असा बायपॉडच घ्या. ओटा कुठेही तंतोतंत सपाट नसतो. रायफल कललेली राहिली तर काय होतं ते पाहा: ५० मीटर जाईपर्यंत .२२ची गोळी सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली पडते. तेवढी भरपाई करायला नळी किंचित वर रोखलेली असते. रायफल ५ अंश कलली की ही वर रोखलेली नळी थोडी बाजूला बघू लागते आणि गोळी तब्बल ११ मिलिमीटर बाजूला लागते. दहाची गोळी नऊवर जाते. १०० मीटरवर हीच चूक चार सेंटिमीटरांहून अधिक होते.

*तळवे.* पायांच्या खाली काय आहे हे दुकानात कुणी बघत नाही, पण कोड्याचं निम्मं उत्तर तिथेच असतं. रबरी तळवा गवतावर आणि सतरंजीवर छान बसतो. गुळगुळीत सिमेंटवर मात्र तो कधी चिकटतो, कधी सुटतो. टोकदार खिळे मातीत रुततात आणि ओट्यावर घसरतात. बर्फावरच्या स्कीसारखे लांबट तळवे रायफलीला सरळ मागे सरकू देतात. .२२चा धक्का इतका हलका, की असे तळवे नसले तरी चालतं. दोन्ही पायांखाली जाडसर सतरंजीचा एकच तुकडा घाला, म्हणजे उसळणं आणि चिकटणं दोन्ही कमी होतं.

याशिवाय एक साधी परीक्षा दुकानातच करा. बायपॉड उघडून टेबलावर ठेवा, वरचा भाग दोन बोटांनी धरून पुढे-मागे आणि आडवा हलवा. थोडी ढिलाई बहुतेकांत असते. पुढे ढकलून धरल्यावर ती पूर्ण नाहीशी होते का, हे पाहा. ढकलल्यावरही खुळखुळणारा बायपॉड कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

बसवताना

बोल्ट काढा, नळीतून आरपार प्रकाश बघा, काडतुसं दुसऱ्या टेबलावर ठेवा. यानंतरच पाना हातात घ्यायचा.

रायफलीखाली काय आहे त्यावर जोडणी ठरते. जर्मनीतल्या उल्म शहरातल्या आनशुट्झ किंवा वॉल्थरसारख्या लक्ष्यवेधी रायफलींच्या पुढच्या दांड्याखाली एक लांब खाच असलेली धातूची पट्टी असते. स्लिंग आणि हाताचा अडसर तिच्यातच बसतो. त्याच खाचेत सरकणारा जोड घेतला की बायपॉड लागतो आणि पुढे-मागेही करता येतो. सामरिक धाटणीच्या रायफलींना आडव्या खाचांची पिकाटिनी पट्टी किंवा कॅमेऱ्याच्या तिपाईसारखी ३८ मिलिमीटर रुंद ‘आर्का’ पट्टी असते. साध्या लाकडी रायफलीला पट्ट्याची कडी अडकवायचा एक खुंट तेवढा असतो. घडीचा बायपॉड त्या खुंटाला चिमटा घेऊन दांड्यावर दाबून बसतो.

या खुंटाच्या जोडणीतच एक चूक लपते. चिमटा जोरात आवळला की बायपॉड खुंटाला खाली खेचतो आणि त्याच्या दोन गाद्या दांड्याला वर रेटतात. दांडा पातळ असेल तर तो वाकून नळीला टेकतो. चांगल्या रायफलीची नळी दांड्याला कुठेही न टेकता हवेत मोकळी असायला हवी, कारण गोळी सुटताना ती कंप पावते, आणि कुठेतरी टेकलेली नळी दरवेळी वेगळी कंप पावते. तपासायला एक करकरीत नोट पुरते. ती नळीखाली घालून दोन्ही टोकं धरा आणि दांड्याच्या टोकापासून मागे सरकवत न्या. ती विनासायास मागे गेली पाहिजे. हीच तपासणी तीनदा करा: बायपॉड नसताना, बसवल्यावर, आणि कुणीतरी खांद्याने रायफल पुढे रेटून धरली असताना. तिसऱ्या वेळी नोट अडकली तर गोळी मारताना दांडा वाकतो आहे. बायपॉड थोडा मागे घ्या, चिमटा सैल करा.

खाचेच्या पट्टीची अडचण निराळी. जोडाचा स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल तर तो खाचेच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण जोड प्रत्यक्षात पट्टीला धरलेलाच नसतो आणि दहा-वीस गोळ्यांत तो सरकतो. स्क्रू आवळल्यावर जोड आडवा पिळून पाहा. जराही फिरला तर स्क्रू आखूड करा किंवा खाली चकती घाला. पहिल्या दिवसाअखेरीला सगळे स्क्रू पुन्हा तपासा. लाकडी दांडा असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी आणखी एकदा, कारण लाकूड दमटपणाने फुगतं आणि वाळल्यावर आकसतं.

शेवटी रायफल सरळ करा. दुर्बिणीवर छोटी पाणपातळी लावा. लक्ष्याजवळ एक ओळंबा टांगून दुर्बिणीतली उभी रेषा त्याला समांतर आहे ना, ते बघा. मग पाणपातळीचा बुडबुडा मध्ये आणा आणि बायपॉडची खिट्टी जाम करा.

खांद्याचा रेटा

बायपॉडचे अनुभवी वापरकर्ते रायफलीवर अंगाचा हलका रेटा देतात. खांदा दस्त्यामागे आणून रायफल किंचित पुढे ढकलायची, म्हणजे बायपॉडची सगळी ढिलाई एका बाजूला जाऊन बसते. .२२ला फार जोर लागत नाही. तळवे सतरंजीवर घट्ट बसावेत पण सरकू नयेत, इतपत. एका गोळीला जास्त आणि दुसरीला कमी रेटा दिलात, तर ग्रुप उभा लांबेल. नवशिक्यांच्या उभ्या पसरलेल्या ग्रुपमागे बरेचदा हेच कारण निघतं.

मागचा आधार तितकाच महत्त्वाचा आहे. दस्त्याखाली वाळूची घट्ट भरलेली पिशवी ठेवा आणि मोकळ्या हाताने ती दाबून किंवा सोडून नेम वर-खाली करा. कागदाच्या जाडीचा हिशेब दस्त्यालाही लागू आहे. मागे हात थरथरत असेल तर पुढचा बायपॉड कितीही उत्तम असून भागत नाही.

अंग रायफलीच्या सरळ मागे हवं. तिरपं झोपलात तर धक्का खांद्यावरून एका बाजूला घसरतो आणि रायफल तिकडे वळते. पडताळा सोपा आहे: गोळी सुटल्यावर दुर्बिणीतून डोळा न काढता पाहा, नेमाची खूण कुठे थांबली? ती दरवेळी जवळपास तिथेच परत येत असेल तर मांडणी बरोबर आहे. प्रत्येक वेळी उजवीकडे किंवा डावीकडे जात असेल तर अंग सरकवा, रायफल हाताने ओढू नका.

फरक पडला की नाही, कसं कळणार?

एका सुंदर ग्रुपवर विसंबू नका. पाच गोळ्यांचा एक ग्रुप योगायोगानेही छान येतो. एकाच प्रकारच्या, एकाच लॉटच्या (एका खेपेत बनलेल्या) काडतुसांनी पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप मारा, रुंदी आणि उंची मोजून सरासरी काढा. मग एकच गोष्ट बदला: सतरंजी, किंवा बायपॉडची जागा, किंवा रेटा. पुन्हा पाच ग्रुप मारा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही.

मांडणी पक्की झाली, की रायफलीला कोणतं काडतूस मानवतं ते शोधता येतं. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही .२२ची कामगिरी वेगळी असते. म्हणूनच जगभरचे अव्वल खेळाडू एलीच्या ब्रिटनमधल्या किंवा लापुआच्या जर्मनीतल्या चाचणी केंद्रात रायफल घेऊन जातात, तिथे ती पक्क्या चिमट्यात बसवून लॉटमागून लॉट तपासतात आणि मानवलेला लॉट पेट्यांनी विकत घेतात. बायपॉड त्या चिमट्याची बरोबरी करू शकत नाही, पण क्लबातल्या माणसाला त्याच्या सगळ्यात जवळ नेणारं साधन तेच आहे.

> थोडक्यात
> - धक्क्याने रायफल हलतेच. प्रत्येक गोळीला ती सारखी हलली पाहिजे.
> - बायपॉड बुटका, जमेल तितका रुंद, कलवून जाम करता येणारा आणि पुढे रेटल्यावर न खुळखुळणारा घ्या.
> - दांडा वाकणार नाही इतका पुढे बसवा.
> - नळीखालून नोट तीनदा सरकवून पाहा.
> - पाणपातळी लावा. ५ अंशांचा कल ५० मीटरवर ११ मिलिमीटर खातो.
> - तळव्यांखाली सतरंजी, दस्त्याखाली वाळूची पिशवी, आणि खांद्याचा हलका पण सारखा रेटा.
> - एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाला पाच ग्रुप.
> - रायफल परवान्याची असली तरी हे सगळं मान्य रेंजवर, जाणकाराच्या देखरेखीखालीच करा.

बायपॉडवर किती खर्च करावा, असं विचारणाऱ्यांना माझा सल्ला ठाम आहे. ढिलाई न राहणारा, कलून जाम होणारा मध्यम किमतीचा बायपॉड घ्या आणि उरलेल्या पैशांची काडतुसं घ्या. नेमबाजाच्या अंगी नसलेला सारखेपणा महागड्या बायपॉडने विकत मिळत नाही, कारण त्यातला निम्मा वाटा खांद्याचा आणि बोटाचा असतो. तो काडतुसं खर्च करूनच कमवावा लागतो.